चुकीचे पर्यायही विचार करून लिहा

घटक चाचणीत चाळीसपैकी पस्तीस गुण मिळवणारे मूल त्याच धड्यावरचे गणित फळ्यावर सोडवायला सांगितले की अडखळते. असे का होते? पर्याय तीन द्यावेत की चार? चुकलेल्या उत्तराला गुण कापावेत का? उत्तरसूचीच चुकली तर काय करायचे? शाळेतले शिक्षक, क्लास चालवणारे आणि पालक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. शालेय शिष्यवृत्तीपासून एमएचटी-सीईटी, नीट आणि एमपीएससीपर्यंत मुलांची वाट पर्यायांवरूनच जाते. त्यामुळे हे प्रश्न टाळता येण्यासारखे नाहीत.

यातल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. बहुपर्यायी प्रश्नाचा कस त्याच्या चुकीच्या पर्यायांत असतो. बरोबर उत्तर सगळ्यांनाच लिहिता येते. चुकीचे पर्याय मात्र मुलांच्या खऱ्या चुकांमधून आलेले हवेत, तरच ती चाचणी तुम्हाला काही सांगते. या एका गोष्टीवर वेळ खर्च केलात, तर बाकीचे निर्णय सोपे होतात.

आधी ठरवा: ही चाचणी कशासाठी?

बहुपर्यायी प्रश्न रूढ झाले ते तपासणी झटपट व्हावी आणि कोणीही तपासले तरी गुण तेच पडावेत म्हणून. अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची चाचणी केली, तेव्हाही हेतू हाच होता. आजही या प्रकाराचे बळ त्यातच आहे, आणि मर्यादाही तिथेच सुरू होते. म्हणून प्रश्न काढायला बसण्याआधी पुढची यादी पाहा.

बहुपर्यायी चाचणी जरूर घ्या, जर तुम्हाला:
- थोड्या वेळात जास्त घटकांवर नजर टाकायची असेल;
- वर्गात नेमका कोणता गैरसमज पसरला आहे ते शोधायचे असेल;
- शिकवलेल्या भागाची उजळणी करून घ्यायची असेल;
- मुलांना स्पर्धा परीक्षेच्या पद्धतीची सवय लावायची असेल.

ती घेऊ नका, किंवा निदान एकटी घेऊ नका, जर तुम्हाला:
- मुलाला स्वतःच्या शब्दांत लिहिता येते का ते पाहायचे असेल;
- गणिताची रीत किंवा भूमितीतली सिद्धता तपासायची असेल;
- प्रयोग, आकृती, वाचन, संभाषण यांतले कौशल्य मोजायचे असेल.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. समोर दिसणारे उत्तर ओळखणे आणि काहीही समोर नसताना ते आठवून मांडणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात मिळालेले गुण दुसऱ्याची हमी देत नाहीत. म्हणून वीस गुणांच्या चाचणीत पंधरा गुण पर्यायांना आणि पाच गुण दोन छोट्या लेखी उत्तरांना ठेवा. तपासायला थोडा वेळ जास्त जाईल, पण चित्र खरे मिळेल.

प्रश्न कसा बांधायचा?

सहावीतले एक गणित घ्या: १/२ + १/३ = ?

घाईत पेपर काढताना बरोबर उत्तर ५/६ लिहिले जाते आणि शेजारी ७/८, ३/४, ९/१० असे मनाला येतील ते अपूर्णांक टाकले जातात. मूल चुकले तर ते का चुकले, हे या पर्यायांवरून कळत नाही. त्याऐवजी पर्याय असे द्या:

- (अ) १/६
- (ब) २/६
- (क) २/५
- (ड) ५/६

आता प्रत्येक चुकीचा पर्याय काहीतरी सांगतो. २/५ निवडणाऱ्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. म्हणजे अपूर्णांक ही एकच संख्या आहे, हे त्याला अजून उमगलेले नाही. २/६ निवडणाऱ्याने समान छेद काढला, पण अंश बदलायचा राहिला. त्याला अर्ध्या वाटेवरून पुढे न्यायचे आहे. १/६ निवडणाऱ्याने बेरजेऐवजी गुणाकार केला. तिघांचेही उत्तर चूक आहे, पण तिघांना समजवायचे वेगवेगळे आहे.

असे पर्याय मिळवायचे कुठून? ते डोक्यातून काढायची गरज नाही.

1. तोच प्रश्न आधी पर्यायांशिवाय पाच-सहा मुलांना सोडवायला द्या, किंवा जुन्या वह्या चाळा.
2. वारंवार दिसणाऱ्या दोन-तीन चुका टिपून ठेवा.
3. त्याच चुकांना पर्याय करा.
4. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे स्वतःच्या प्रतीत एक ओळ लिहा: हा पर्याय निवडणाऱ्याचे काय चुकले असेल? ओळ सुचली नाही, तर तो पर्याय काढून टाका.

पाठांतर नको असेल तर परिस्थिती द्या

बहुपर्यायी प्रश्न फक्त पाठांतर तपासतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते. पण तो दोष बहुतेक वेळा प्रश्नाच्या मांडणीचा असतो. ‘ऋतू कशामुळे होतात?’ असे विचारले, तर पुस्तकातले वाक्य आठवले की काम झाले. हाच प्रश्न असा विचारून पाहा:

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तरीही त्या दिवसांत नागपुरात थंडी असते. याचे कारण कोणते?

- (अ) त्या काळात सूर्यातून बाहेर पडणारी उष्णताच कमी होते.
- (ब) त्या काळात आपल्याकडे सूर्यकिरण तिरपे पडतात आणि दिवस लहान असतो.
- (क) त्या काळात ढगांमुळे उष्णता जमिनीपर्यंत पोहोचत नाही.

‘सूर्य जवळ म्हणजे उन्हाळा’ ही समजूत घेऊन बसलेल्या मुलाला इथे थांबून विचार करावाच लागतो. पाठ केलेले वाक्य कामी येत नाही. पुस्तकात नसलेली, पण शिकवलेल्या तत्त्वाने उलगडणारी परिस्थिती द्या. बाजारातली पावती, बसचे वेळापत्रक, पावसाच्या नोंदींचा तक्ता, बातमीतला एखादा परिच्छेद, काहीही चालेल. दहा प्रश्नांत असे तीन प्रश्न असले, तरी चाचणीचा दर्जा बदलतो.

पर्याय तीन की चार?

वर्गातल्या चाचणीला तीन पुरेसे आहेत. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये या विषयावरच्या सुमारे ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला आणि बहुतेक चाचण्यांसाठी तीन पर्याय योग्य ठरतात, असा निष्कर्ष काढला. कारण साधे आहे. चौथा पर्याय बहुतेकदा भरीचा असतो आणि तो फारसे कोणी निवडत नाही. त्याऐवजी तोच वेळ वापरून दोन-चार प्रश्न जास्त विचारलेत, तर जास्त घटक तपासून होतात.

अंदाजाचा धोका थोडा वाढतो, हे खरे. चाळीस प्रश्नांत डोळे झाकून खुणा केल्या, तर चार पर्याय असताना सरासरी दहा उत्तरे बरोबर येतात आणि तीन असताना तेरा-चौदा. म्हणून गुण वाचताना हा तळ लक्षात ठेवा. चाळीसपैकी बारा गुण म्हणजे ‘तीस टक्के येते’ असे नव्हे. त्या मुलाला जवळपास काहीच येत नसण्याची शक्यता मोठी आहे.

एक अपवाद आहे. शिष्यवृत्ती, नीट किंवा सीईटीच्या सरावाची चाचणी असेल, तर त्या परीक्षेत जितके पर्याय असतात तितकेच द्या. शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांचे दोन पर्याय अचूक असू शकतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. तशा प्रश्नांचा सराव वेगळा घ्या.

उत्तर फोडणाऱ्या चुका

विषय न येताही हुशार मूल काही प्रश्न सोडवते, कारण प्रश्नच त्याला उत्तर सांगतो. पेपर छापायला देण्याआधी या गोष्टी तपासा:

- लिंग-वचनाची चुगली. ‘जमिनीखाली वाढणारा ____ हे खोड आहे’ असे विधान आणि बटाटा, गाजर, रताळे, बीट हे पर्याय. ‘वाढणारा’ या शब्दाला जुळणारा बटाटाच आहे. वनस्पतिशास्त्र न शिकताही उत्तर मिळते. ‘पुढीलपैकी खोड कोणते?’ असे विचारा.
- लांबलचक बरोबर उत्तर. अचूकतेसाठी आपण बरोबर पर्यायात अटी आणि खुलासे भरत जातो, आणि तो सर्वांत लांब होतो. सगळे पर्याय साधारण सारख्या लांबीचे करा.
- ‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘फक्त’. हे शब्द चुकीच्या पर्यायांतच दिसतात, हे मुलांना लवकर कळते.
- ‘वरीलपैकी सर्व’. दोन पर्याय बरोबर आहेत इतके कळले, की तिसरा न वाचताच उत्तर मिळते. ‘यांपैकी नाही’ही जपून वापरा. तो निवडणाऱ्या मुलाला खरे उत्तर माहीत होते की नाही, हे कळत नाही.
- नकारावर नकार. ‘पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही?’ यात विषयापेक्षा वाक्याचीच परीक्षा होते. नकार आवश्यकच असेल, तर तो शब्द ठळक छापा.
- मधल्या जागेची ओढ. बरोबर उत्तर ‘ब’ किंवा ‘क’मध्ये ठेवण्याकडे हात आपोआप वळतो. संख्या असतील तर चढत्या क्रमाने लावा, शब्द असतील तर वर्णानुक्रमे. म्हणजे जागा तुम्ही ठरवत नाही.
- एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात. संपूर्ण पेपर एकदा सलग वाचा.
- भाषांतराचा घोळ. सेमी इंग्रजी वर्गात पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत द्या. मुलाला शब्द न कळल्यामुळे गुण गेले, तर विज्ञान तपासलेच जात नाही.

शेवटी पेपर एका सहकाऱ्याला उत्तरसूचीशिवाय सोडवायला द्या. तुमचे आणि त्यांचे उत्तर जुळत नसेल, तर तो प्रश्न दुरुस्त करा. हे दहा मिनिटांचे काम पुढचा मोठा मनस्ताप वाचवते.

गुण कापायचे का?

वर्गातल्या चाचणीत कापू नका. लहान मुले आणि संकोची मुले गुण जाण्याच्या भीतीने येत असलेले उत्तरही सोडून देतात, आणि मग चाचणी ज्ञानाऐवजी धाडस मोजू लागते. अमेरिकेतल्या सॅट या मोठ्या प्रवेश परीक्षेनेही २०१६ पासून चुकीच्या उत्तराचे गुण कापणे बंद केले.

स्पर्धा परीक्षांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत, आणि मुलांना ते आकड्यांत समजावून सांगा:

- एमएचटी-सीईटी: गुण कापले जात नाहीत. एकही प्रश्न रिकामा ठेवू नये.
- नीट: बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. एक पर्याय खात्रीने चूक आहे हे कळले, तर उरलेल्या तिघांतून निवडणे सरासरीने फायद्याचे पडते: तीन वेळांत एकदा ४ मिळतात आणि दोनदा १ जातो.
- एमपीएससी पूर्वपरीक्षा: चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या पाव गुणांची वजावट.
- यूपीएससी पूर्वपरीक्षा: एक तृतीयांश वजावट. इथे अगदी आंधळ्या अंदाजाचा सरासरी फायदा शून्य. एखादा पर्याय बाद करता आला, तरच उत्तर द्यावे.

दर वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचून नियम पक्का करून घ्या. क्लासमधून ऐकलेल्यावर विसंबू नका.

‘पहिले उत्तर कधी बदलू नये’ हा सल्लाही मुलांना देऊ नका. या विषयावरच्या अभ्यासांत बदललेली उत्तरे चुकीकडून बरोबरकडे जास्त वेळा गेलेली आढळली आहेत. ठोस कारण सापडले, तर संगणकावरच्या परीक्षेत उत्तर जरूर बदलावे. ओएमआर पत्रिकेवर मात्र पेनाने भरलेला गोल पुसता येत नाही. तिथे आधी प्रश्नपत्रिकेवर खूण आणि मग गोल, अशी सवय लावा.

पेपर तपासून झाल्यावर खरे काम सुरू होते

बहुतेक ठिकाणी गुण वहीत चढले की चाचणी संपते. तसे करू नका. प्रत्येक प्रश्नासाठी कोणता पर्याय किती मुलांनी निवडला, एवढा तक्ता करा. चाळीस मुलांच्या वर्गात हात वर करायला सांगूनही तो होतो.

समजा, वरच्या अपूर्णांकाच्या प्रश्नात १७ मुलांनी ५/६, १६ मुलांनी २/५, ५ मुलांनी २/६ आणि दोघांनी १/६ निवडले. तर उद्याचा तास कशावर घ्यायचा, हे ठरले. वर्गातला मोठा गट अंश-छेद वेगवेगळे मिळवतो आहे. कागदाच्या पट्टीचा अर्धा आणि तिसरा भाग शेजारी ठेवून दाखवा, मग रीत सांगा.

त्यानंतर एकूण गुणांत वरची दहा आणि खालची दहा मुले घ्या, आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्यातल्या किती जणांना आला ते मोजा:

- वरच्या दहांत ८ आणि खालच्या दहांत ३ बरोबर: प्रश्न चांगला आहे, जपून ठेवा.
- दोन्हीकडे ९-१० बरोबर: प्रश्न सोपा आहे. सुरुवातीला धीर देण्यासाठी एखादा ठीक, पण सगळे असे नकोत.
- वरच्या दहांत ४ आणि खालच्या दहांत ५ बरोबर: काहीतरी बिघडले आहे. उत्तरसूची चुकली असेल, दोन पर्याय बरोबर असतील किंवा भाषा संदिग्ध असेल. आधी प्रश्न तपासा, मुलांना दोष नंतर.
- एखादा पर्याय कोणीच निवडला नाही: तो पुढच्या वेळी बदला.

असे पारखलेले प्रश्न एका वहीत साठवत गेलात, तर दोन वर्षांत तुमची स्वतःची प्रश्नपेढी तयार होते.

उत्तरे दाखवल्याशिवाय चाचणी संपवू नका

आठवून उत्तर देण्याने धडा पक्का होतो, हे संशोधनातून वारंवार दिसले आहे. पण बहुपर्यायी चाचणीत एक धोकाही आहे. मुले चुकीची विधाने वाचतात, त्यातले एखादे निवडतात आणि पुढे तेच खरे म्हणून लक्षात ठेवतात. हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये हा परिणाम दाखवून दिला. नंतरच्या अभ्यासांत उपायही दिसला: बरोबर उत्तर सांगितले, की हा तोटा बराच कमी होतो.

म्हणून चाचणीनंतर, शक्यतो त्याच दिवशी, उत्तरे सांगा. ‘७ चे ड’ एवढे पुरेसे नाही. ड का आणि क का नाही, हे मुलांकडूनच वदवून घ्या. जे मूल क निवडण्याचे कारण सांगते, त्याला ओरडू नका. त्याच्या कारणातच पुढच्या तासाचा विषय आहे.

प्रश्नच चुकला असेल तर तुमचे हक्क

मे २०२४ च्या नीटमध्ये अणूंविषयीच्या एका प्रश्नात दोन विधाने होती. त्यातले दुसरे विधान एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाशी जुळत होते, नव्या पुस्तकाशी नाही. आधी दोन पर्यायांना गुण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले, आणि निकाल सुधारावा लागला. चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण कमी झाले. एका सैल विधानाची ही किंमत होती.

अशा वेळी विद्यार्थी आणि पालकांनी हे लक्षात ठेवावे:

- बहुतेक मोठ्या परीक्षांची आधी तात्पुरती उत्तरसूची निघते आणि आक्षेपासाठी मोजके दिवस मिळतात. तारीख चुकवू नका. नीट आणि जेईई मेनसाठी प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरावे लागते.
- आक्षेपासोबत पाठ्यपुस्तकाचे पान जोडा. क्लासच्या नोट्स पुरावा म्हणून टिकत नाहीत.
- मराठीतून नीट देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की भाषांतरात संदिग्धता असेल तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो. शंका आली, तर परीक्षेतच इंग्रजी मजकूर पाहा.
- प्रश्न किंवा उत्तर सदोष असल्याचे निदर्शनास आले, तर तो प्रश्न वगळण्याचा निर्णय विद्यापीठाने तातडीने घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात सांगितले. त्याच निकालानुसार उत्तरसूची चुकीची आहे हे स्पष्टपणे सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर असते.
- तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे.
- प्रमाणपत्रधारक दिव्यांग विद्यार्थ्यांना नियमानुसार लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. परीक्षेचा अर्ज भरतानाच तशी नोंद करा.

शाळेतल्या चाचणीलाही हाच न्याय लावा. प्रश्न चुकल्याचे मुलाने दाखवून दिले, तर वर्गासमोर मान्य करा, तो प्रश्न सगळ्यांसाठी वगळा आणि गुण नव्याने मांडा. उत्तराला प्रश्न विचारण्याची सवय मुलांना याच वयात लागते, आणि ती दडपली तर पुन्हा सहज लागत नाही.

सगळे एकदम बदलणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. पुढच्या घटक चाचणीत फक्त पाच प्रश्न निवडा. प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर ‘हा कोण निवडेल आणि का?’ याचे उत्तर लिहा. चाचणीनंतर त्या पाच प्रश्नांचा तक्ता करा आणि त्यावर एक तास शिकवा. एवढे नियमाने केलेत, तर तुमच्या चाचण्या गुणांसोबतच पुढे काय शिकवायचे तेही सांगू लागतील.